‘मॅडम, शब्दांची यादी द्या ना!’

पत्र थोडक्यात असं आहे (ओळख पटेल असे तपशील काढलेत):

या ताई बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. संध्याकाळची बॅच असते, आठवड्यातून तीन दिवस, रोज एक तास. शब्द पाठ करून भाषा येत नाही, वाचता-ऐकता संदर्भातून शब्द आपोआप कळत जातात, असं त्यांचं ठाम मत आहे. त्या स्वतः लहानपणापासून गोष्टीची पुस्तकं वाचत वाचत तशाच शिकल्या. विद्यार्थ्यांना मात्र रोज फळ्यावर वीस शब्द आणि समोर मराठी अर्थ हवे असतात. एक विद्यार्थी ‘इथे व्होकॅबुलरी घेतच नाहीत’ असं सांगून बॅच सोडून गेला, ते त्यांना फार लागलंय. दुसरा एक मुलगा अभिमानाने सांगतो की ॲपवर त्याचे तीन हजार शब्द झालेत, पण वर्गात त्याला धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत. पत्रात ओझरतं असंही आलंय की दर महिन्याची टेस्ट ठरलेल्या फॉरमॅटमध्ये घ्यावी लागते आणि त्यात निम्मे मार्क ‘अर्थ लिहा’ आणि ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ला असतात. ताई विचारतात, ‘मी माझ्या पद्धतीला धरून राहू का त्यांना हवं ते देऊन टाकू? आणि त्या मुलाची इतकी मेहनत वाया गेली हे त्याला कसं सांगू?’

ताई, नमस्कार.

आधी शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलते, कारण तो वाचून मला जास्त काळजी वाटली. त्या मुलाची मेहनत वाया गेलेली नाही, त्यामुळे तसं त्याला सांगूच नका. त्याने केलंय ते अर्धवट आहे एवढंच, आणि ते का अर्धवट राहिलं हे कळलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं सापडतं.

तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला असं वाटलं की तुमचा आणि विद्यार्थ्यांचा वाद यादी हवी का नको यावर नाहीच मुळी. शब्द ‘येतो’ म्हणजे नक्की काय येतं, यावर तुमची दोघांची समजूत वेगळी आहे आणि त्यावर वर्गात कधी कोणी बोललेलंच नाही. मुलांच्या दृष्टीने अर्थ सांगता आला की शब्द आला. तुमच्या दृष्टीने वाचताना अडला नाही की शब्द आला. माझ्या मते दोन्ही समजुती अर्ध्याच आहेत.

एक शब्द जवळून बघू. ‘सजेस्ट’ घ्या. अर्थ विचारा, अख्खी बॅच ‘सुचवणे’ म्हणून मोकळी होईल, टेस्टमध्ये पूर्ण मार्क. आता म्हणा, ‘त्याने मला डॉक्टरकडे जायला सुचवलं’ याचं इंग्रजी लिहा. निम्म्याहून जास्त जण ‘ही सजेस्टेड मी टू गो’ असं लिहितील बघा, कारण मराठी वाक्याचा सांगाडाच तसा आहे. ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ असं म्हणायचं हे त्या ‘सुचवणे’मध्ये कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे अर्थ येतो, शब्द वापरता येत नाही. तसंच ‘कम्फर्टेबल’चं. कागदावर सगळ्यांना येतो, पण बोलणारा भरभर ‘कम्फ्टबल’ म्हणाला की तोच शब्द अनोळखी वाटतो. आणि ‘जोराचा पाऊस’ म्हणायचा तर ‘स्ट्राँग’ही येतं, ‘रेन’ही येतं, पण जोडी ‘हेवी रेन’ अशी लागते, ती माहीत नसली तर दोन्ही शब्द येऊनही वाक्य चुकतंच.

पॉल नेशन या अभ्यासकाने शब्द माहीत असणं म्हणजे काय याची फार नीट फोड केलीय. शब्दाचं रूप, म्हणजे तो ऐकायला, उच्चारायला, लिहायला कसा आहे; मग त्याचा अर्थ; आणि मग वापर, म्हणजे कुठल्या रचनेत बसतो, कुठल्या शब्दांबरोबर येतो, कुठे शोभतो आणि कुठे नाही. शिवाय या प्रत्येकाच्या दोन बाजू, समोर आल्यावर ओळखणं आणि गरज पडल्यावर स्वतः काढणं. ओळखता येणारे शब्द वापरता येणाऱ्या शब्दांपेक्षा नेहमीच जास्त असतात, आपल्या मातृभाषेतसुद्धा. तेव्हा तुमच्या ॲपवाल्या मुलाचं जे झालंय तो काही त्याचा दोष नाही, त्याने एकाच बाजूचा सराव केलाय, तोही मन लावून.

आता तुमच्या मताकडे येते, आणि इथे थोडं स्पष्ट बोलते. तुम्ही म्हणता मी वाचून शिकले, म्हणून तेही वाचून शिकतील. शिक्षकांच्या समजुती बऱ्याचदा अशाच तयार होतात, आपण कसे शिकलो त्यावरून. पण तुम्ही लहानपणापासून वाचत होतात, आवडीने, कोणी न सांगता, वर्षानुवर्षं. तुमच्या विद्यार्थ्यांकडे आठवड्याचे तीन तास आहेत, ते कामावरून दमून येतात आणि त्यांना काही महिन्यांत फरक दिसायला हवाय. तुमचा रस्ता बरोबरच होता, पण तो लांबचा आहे आणि त्यांच्याकडे तेवढा वेळ नाही.

संदर्भातून शब्द कळतो म्हणता, तर त्यालाही एक अट आहे. बाकीचे शब्द माहीत हवेत. नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी २००० साली हे तपासलं होतं, तेव्हा असं दिसलं की कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट वाचून नीट समजायची असेल तर साधारण ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे हवेत. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहा नवे शब्द. तुमच्या विद्यार्थ्याला ९० टक्के शब्द येत असतील, ऐकायला भरपूर वाटतात, तर त्याच पानावर त्याला तीस शब्द अडतात, जवळजवळ प्रत्येक ओळीत एक. अशा पानावर संदर्भ तरी कशाचा घ्यायचा? ‘ही वॉज रिलक्टंट टू साइन’ हे वाक्य द्या आणि अंदाज करायला सांगा. कोणी म्हणेल तयार, कोणी म्हणेल उत्सुक, कोणी म्हणेल घाईत. तिन्ही अंदाज वाक्यात अगदी छान बसतात आणि तिन्ही चूक, खरा अर्थ ‘नाखूश’. आणि जो चुकीचा अंदाज वाक्यात बसतो तो पुढे डोक्यातून काढणं अवघड जातं, हे तुम्हीही पाहिलं असेल. पुन्हा तो शब्द परत कधी भेटणार हाही प्रश्न आहेच, एकदा भेटून शब्द क्वचितच टिकतो, अनेकदा भेटावा लागतो, आणि थोडं वाचणाऱ्याला कमी वापरातला शब्द दुसऱ्यांदा भेटेपर्यंत पहिली भेट विसरून गेलेली असते.

तेव्हा यादी मागणारे विद्यार्थी आळशी किंवा जुनाट विचारांचे आहेत असं कृपा करून समजू नका. आपण कुठे अडतोय हे त्यांना बरोबर जाणवलंय, उपाय तेवढा अपुरा आहे. एलेन हॉर्विट्झ या अमेरिकन संशोधिकेने १९८०च्या दशकात भाषा शिकण्याबद्दलच्या समजुतींची एक प्रश्नावली केली होती, त्यात एक विधानच असं आहे की परकी भाषा शिकणं म्हणजे मुख्यतः भरपूर नवे शब्द शिकणं. विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही अशी विधानं देऊन किती पटतात ते विचारतात. ही समजूत इतकी पसरलेली आहे की ती प्रश्नावलीत घ्यावी लागली, म्हणजे तुमची बॅच काही जगावेगळी नाही.

आणि ही समजूत त्यांच्यात येते कुठून? ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या एका ओळीवर माझी नजर अडकली. दर महिन्याला निम्मे मार्क अर्थ आणि विरुद्धार्थी शब्दांना. तुम्ही तोंडाने सांगता यादी नको आणि टेस्ट सांगते यादीच हवी, मग माणूस कोणाचं ऐकेल? मार्कांचंच ऐकणार. टेस्टमध्ये जे विचारलं जातं त्यालाच शिकणारा ज्ञान समजतो, त्याबद्दल त्याच्याशी कितीही वाद घातला तरी. फॉरमॅट तुमच्या हातात नाही हे समजलं, पण प्रश्न तर तुम्हीच काढता ना? मग ‘अर्थ लिहा’ तसंच राहू द्या आणि त्यातले निम्मे शब्द मागच्या आणि त्याच्या मागच्या महिन्याचे घ्या. विरुद्धार्थी शब्द वाक्यातली गाळलेली जागा भरून विचारा. परवानगी मिळाली तर पाच मार्कांना ‘यातली चुकीची जोडी दुरुस्त करा’ असा प्रश्न घाला, ‘स्ट्राँग रेन’सारखा. दोन टेस्टमध्ये अभ्यास बदललेला दिसेल, भाषण द्यायची गरजच पडणार नाही.

आता यादीचं काय करायचं. द्या. खुशाल द्या, मराठी अर्थासकट द्या. शब्दाशी पहिली ओळख करून द्यायला मातृभाषेतला अर्थ हा सगळ्यात झटपट रस्ता आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. पण कुठले शब्द द्यायचे हे मात्र तुम्ही ठरवा, आणि पाठांतराची रीतही तुम्हीच शिकवा, कारण विद्यार्थी नेमके तिथेच चुकतात.

शब्द निवडताना लोक एखादा अवघड लेख घेतात आणि त्यातले जड जड शब्द वहीत उतरवतात, पुढचं वर्षभर त्यातला एकही भेटत नाही. कुठल्याही भाषेत थोडे शब्द प्रचंड वेळा येतात आणि बाकीचे हजारो क्वचित. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतल्या सुमारे दोन हजार सगळ्यात उपयोगी शब्दांची यादी काढली ती याच विचाराने, आणि पुढे २००० साली ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची वेगळी यादी केली, जी कॉलेजात जाणाऱ्यांना फार कामाची आहे. शब्दकुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह हे सगळं मिळून एक. वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या बिनधास्त वाचायच्या तर नेशन यांच्या २००६च्या हिशेबाने अशी आठ-नऊ हजार कुटुंबं लागतात, बोलणं समजायला सहा-सात हजार. हा आकडा विद्यार्थ्यांना घाबरवायला सांगू नका, पण वर्गात इतके शब्द एकेक करून शिकवणं कोणालाच शक्य नाही हे त्यातून दिसतं. म्हणून पहिले दोन-तीन हजार मुद्दाम शिकवायचे, आणि त्यापुढचे बरेचसे वाचनातूनच येणार, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

अजून एक. रंग, नाती, शरीराचे अवयव असे एका गटातले शब्द आपण हौसेने एकत्र देतो, किंवा लेफ्ट आणि राइट एकाच दिवशी. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण नव्याने शिकताना असे जवळचे शब्द एकमेकांत मिसळतात, थॉमस टिंकम यांच्या १९९३च्या प्रयोगात अर्थाने जवळचे शब्द एकत्र दिल्यावर शिकायला जास्त वेळ लागलेला दिसला. आधी एक पक्का होऊ द्यावा, दुसरा नंतर आणावा. हे समजलं तर विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या पहिल्याच दिवशी पाठ करायचा आग्रह आपोआप सुटेल.

आणि पाठांतर. बहुतेक विद्यार्थी काय करतात, शब्द आणि अर्थ शेजारी शेजारी लिहितात आणि दहा वेळा वाचतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून आलं असं वाटतं. कार्पिके आणि रोडिगर यांचा २००८चा एक प्रयोग तुमच्या वर्गात सांगाच. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिलीचे चाळीस शब्द इंग्रजी अर्थासकट शिकवले. सगळ्यांचे सगळे शब्द एकदा तरी बरोबर आले. फरक एवढाच की काही जणांना आलेला शब्दसुद्धा पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि काहींना आलेला शब्द परत विचारला नाही, नुसता परत परत दाखवला. आठवड्याने बघितलं तर पहिल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले आणि दुसऱ्यांना सुमारे ३६ टक्के. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारलं होतं, आठवड्याने किती आठवतील, तर सगळ्या गटांनी जवळपास सारखंच सांगितलं, साधारण निम्मे. म्हणजे कुठल्या पद्धतीने आपल्याला जास्त येतंय हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही. तुमचे विद्यार्थी ‘आम्हाला असंच लक्षात राहतं’ म्हणतात ना, ते खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच तसं वाटतं, पण त्यावर विसंबून चालणार नाही.

म्हणून वहीचं पान मधे दुमडायला लावा. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि अर्थ झाकून आठवायचा, मग पान उलटून मराठीवरून इंग्रजी आठवायचा. ही उलटी बाजू बहुतेक जण करतच नाहीत आणि बोलताना लागते तीच. आज, उद्या, चार दिवसांनी, दोन आठवड्यांनी, असं अंतर वाढवत जायचं. रोज वीस शब्द करू नका, आठ करा, पण प्रत्येक शब्दाखाली त्याचा एक जोडीदार शब्द आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य हवं. पुस्तकातलं उतरवलेलं नको. ‘माय बॉस सजेस्टेड दॅट आय टेक अ ब्रेक’ असं ज्याने स्वतःबद्दल लिहिलं तो ते सहसा विसरत नाही.

आणि तुमचा तासाचा वेळ यात घालवू नका. आठवून बघणं घरी होऊ शकतं. वर्गात सुरुवातीची पाच मिनिटं जुने शब्द विचारा, आजचे मुळीच नाहीत, मागच्या आठवड्याचे आणि मागच्या महिन्याचे. उरलेला वेळ वाचणं आणि बोलणं, जे तुम्हाला करायचंच आहे. फक्त वाचायला द्याल ते सोपं द्या. मोठ्यांसाठी पायरी-पायरीने सोपी केलेली पुस्तकं मिळतात, शब्दसंख्या ठरवून लिहिलेली, ती निवडा. पानात पाच-सहापेक्षा जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक आत्ता त्यांच्यासाठी नाही. मोठ्या माणसाला सोपं पुस्तक हातात घ्यायला संकोच वाटतो, तेव्हा कारण सांगून द्या, ९८ टक्क्यांचा हिशेब एकदा फळ्यावर मांडून दाखवा.

विद्यार्थ्यांची समजूत बदलायची तर ती त्यांना स्वतःलाच तपासू द्या, यासाठी एक तास राखून ठेवा. वेश आणि परिबख्त या दोघींनी १९९०च्या दशकात पाच पायऱ्यांची एक पट्टी मांडली, ती फार साधी आहे: एक, हा शब्द कधी पाहिलेला आठवत नाही; दोन, पाहिलाय पण अर्थ माहीत नाही; तीन, पाहिलाय, अर्थ बहुधा असा असावा; चार, माहीत आहे, अर्थ असा आहे; पाच, वाक्यात वापरू शकतो, हे घ्या वाक्य. वीस शब्द द्या आणि प्रत्येकाने स्वतःपुढे एक ते पाच आकडा टाकावा. मग ज्यांनी पाच टाकलाय त्यांची वाक्यं मोठ्याने वाचून घ्या, कोणाला न लाजवता. आपले पाच हे खरं तर चारच आहेत हे त्यांचं त्यांनाच दिसेल. हाच कागद दोन महिन्यांनी परत काढायचा. यादी मागण्यामागे अजून एक साधं कारण असतं, यादी मोजता येते, आज वीस झाले हे समाधान मिळतं, वाचनातून काय मिळालं ते डोळ्यांना दिसत नाही. या कागदावर ते दिसतं. तीनचा शब्द पाचवर गेला की माणसाला यादीइतकाच आनंद होतो, जास्तच होतो.

त्या मुलालाही हाच कागद द्या, त्याच्या तीन हजारांतले पन्नास शब्द निवडून. त्याला सांगा की तुझे बरेच शब्द चौथ्या पायरीवर येऊन थांबलेत, तिथपर्यंत आणायचं काम तू एकट्याने केलंस, आता त्यांना तोंडात आणायचंय आणि त्यासाठी नवे शब्द महिनाभर बंद. मग त्याला चार-तीन-दोन करायला लावा: एकच विषय आधी चार मिनिटं एका जोडीदाराला सांगायचा, मग तोच दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. विषय तोच असल्यामुळे काय बोलायचं याचा विचार करावा लागत नाही, सगळं लक्ष शब्द पटकन काढण्यावर जातं. पहिल्यांदा तो अडखळेल, कदाचित मराठीत बोलेल, बोलू द्या. त्याच्यासाठी आधी पाच शब्द ठरवून द्या, जे बोलण्यात यायलाच हवेत, आणि जोडीदाराने ते मोजायचे. तो वर्गात गप्प बसतो त्यात भीतीचाही भाग असणार, आणि एका माणसापुढे बोलणं अख्ख्या बॅचपुढे बोलण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

जे वाचक स्वतः शिकतायत, शिक्षक नाहीत, त्यांच्यासाठीही हेच आहे, फरक इतकाच की तुमची टेस्ट घेणारं कोणी नाही. मग ॲपमध्ये उत्तराचे चार पर्याय येतात ती सेटिंग बंद करून टाइप करायची सेटिंग लावा, आणि बोलायला कोणी नसेल तर फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा, चार-तीन-दोन एकट्यालाही करता येतं.

जो सोडून गेला त्याच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण पत्रात तो तीनदा आलाय. त्याला एक मेसेज करा, समजावणारा नको. एवढंच लिहा की पुढच्या आठवड्यापासून वर्गात शब्दांचं काम वेगळ्या रीतीने सुरू करतोय, आठ शब्दांची पहिली यादी सोबत पाठवतेय, करून बघ आणि अडलं तर विचार. यादी खरंच पाठवा, मराठी अर्थासकट, आणि शेवटी त्याच्या वाक्यासाठी आठ रिकाम्या ओळी सोडा.